निओप्रीन, थायोकॉल, ब्युना: सुरुवातीचं कृत्रिम रबर कशासाठी आलं आणि कुठे टिकलं

प्रश्न दोन भागांत आहे. पहिला असा की मेकॅनिकलच्या पुस्तकात निओप्रीन, थायोकॉल, ब्युना-एस, ब्युटाइल ही १९३० ते ४५ मधली नावं एका परिच्छेदात उरकलेली असतात, तर ही रबरं नैसर्गिक रबरापेक्षा खरंच चांगली होती का आणि मशिनरीत नेमकी कुठे लागायची. दुसरा असा की घरच्या मळ्यातल्या जुन्या डिझेल इंजिनाचे रबरी पार्ट बदलायचेत, दुकानदार म्हणतोय सगळं निओप्रीनमध्ये करून घ्या, तर करावं का. मी रबर मोल्डिंगच्या धंद्यातला माणूस आहे, कंपाउंड (रबरात रसायनं मिसळून केलेलं मिश्रण) बनवण्यापासून गिऱ्हाइकाच्या मशिनवर पार्ट बसेपर्यंत सगळं बघितलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच दडलेलं आहे, म्हणून क्रम तोच ठेवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "चांगलं रबर" असं काही नसतं. रबराला काय लागणार आहे, तेल का पाणी का हवा, तापमान किती, ते ताणलेलं राहणार का दाबलेलं, हलणार का एका जागी बसणार, हे कळल्याशिवाय कुठलंच रबर चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. नैसर्गिक रबर म्हणजे आपलं चिकाचं रबर, केरळातलं, आता दोडामार्गकडेही ज्याच्या बागा दिसतात ते, ताकदीत आजही भल्याभल्यांना मागे टाकतं. काहीही न भरता, नुसतं गंधक घालून शिजवलं (म्हणजे व्हल्कनाइझ केलं) तरी ते २० मेगापास्कलच्या पुढे ताण सहन करतं, कारण ते ताणलं की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एका दिशेला रांगेत येऊन स्फटिकासारख्या घट्ट होतात आणि फाटायला निघालेली चीर तिथेच अडते. वारंवार ताणलं-सोडलं तरी आतून कमी तापतं. मग दुसरं रबर शोधायचं कारण काय?

कारणं दोन होती आणि ती दोन्ही वेगळी ठेवायला पाहिजेत, कारण पुस्तकं नेमकी इथेच घोळ घालतात. एक कारण इंजिनिअरिंगचं. नैसर्गिक रबर खनिज तेलात टिकत नाही, पेट्रोलमध्ये तर नाहीच, उन्हात आणि ओझोनमध्ये तडकतं, पेटलं की पेटतच राहतं, आणि हवा हळूहळू बाहेर सोडतं. दुसरं कारण पुरवठ्याचं. जगातलं बहुतेक रबर मलाया, डच इंडीज, सिलोन या पट्ट्यातून यायचं आणि ते इंग्रज आणि डच यांच्या हातात होतं. १९२२ मध्ये इंग्रजांनी स्टीव्हन्सन योजना आणून निर्यात आवळली, १९२५ मध्ये भाव पौंडाला १ डॉलरच्या वर गेला, आणि नंतर इतका कोसळला की १९३२ मध्ये पौंडाला ३ सेंटच्या आसपास आला. ज्याचा कारखाना टायरवर चालतो त्याला असा भाव झोप लागू देत नाही. थायोकॉल, निओप्रीन, नायट्राइल (म्हणजे ब्युना-एन), ब्युटाइल ही रबरं पहिल्या कारणावर टिकली. ब्युना-एस मात्र दुसऱ्या कारणाने, म्हणजे नाइलाजाने मोठं झालं. हा फरक कळला की गुणधर्म पाठ करावे लागत नाहीत.

नाइलाजाचं सगळ्यात जुनं उदाहरण पहिल्या महायुद्धातलं. बायरच्या फ्रिट्झ हॉफमनने १९०९ मध्ये कृत्रिम रबराचं पेटंट घेतलं आणि युद्धात ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे जर्मनीला रबर मिळेना तेव्हा डायमिथाइल ब्युटाडाईनपासून 'मिथाइल रबर' बनवलं, एकूण साधारण २,५०० टन. डब्यात भरून आठवडे-महिने ठेवायचं, आपोआप घट्ट होईपर्यंत. मऊ प्रकार टायरला फारसा कामाचा नव्हता, थंडीत कडक व्हायचा, हवेत लवकर खराब व्हायचा. पण कडक प्रकार एबोनाइटसारखा (भरपूर गंधक घालून केलेल्या टणक रबरासारखा) होता आणि पाणबुड्यांच्या बॅटरीच्या पेट्यांना तो चांगला लागू पडला. म्हणजे अगदी पहिल्या पिढीतसुद्धा टायरला नापास झालेला माल बॅटरीच्या पेटीला पास झाला. युद्ध संपलं, स्वस्त चिकाचं रबर परत आलं आणि उत्पादन बंद पडलं.

आता थायोकॉल. हे मला फार आवडतं, कारण ते कोणी रबर म्हणून शोधलंच नव्हतं. अमेरिकेत कॅन्सस सिटीला जोसेफ पॅट्रिक हा केमिस्ट १९२० च्या दशकात मोटारीच्या रेडिएटरसाठी अँटिफ्रीझ बनवायच्या खटपटीत होता, त्याने इथिलीन डायक्लोराइड आणि सोडियम पॉलिसल्फाइड एकत्र केलं आणि हाती आला एक घाणेरड्या वासाचा चिवट गोळा. कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये तो विरघळेना. लॅबमध्ये हा वैताग असतो पण पेट्रोलच्या पाइपला याच्यापेक्षा मोठा गुण नाही. साखळीतच भरपूर गंधक असल्यामुळे पेट्रोल, तेल, रंगातले थिनर यांचा त्याच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही, ओझोनचाही नाही, आणि वायू आरपार फार कमी जातो. दोष पण मोठे. ताकद कमी, दाबून ठेवलं की तसंच बसून राहतं, परत उठत नाही, गरम झालं की अजून वाईट, आणि वास इतका की मिलवर (रबर मळायच्या रोलरच्या मशिनवर) काम करणारा माणूस घरी गेला तरी कळायचं. म्हणून त्याचा उपयोग कसा झाला बघा: पेट्रोलच्या आणि स्प्रे पेंटिंगच्या होजचं आतलं अस्तर, छपाईचे रोलर, टाक्यांचं अस्तर. जिथे ताकद दुसऱ्या कोणीतरी द्यायची, म्हणजे कापडाचे थर किंवा लोखंड, आणि रबराने फक्त द्रव अडवायचा, तिथेच. पुढे ते पातळ स्वरूपात बनायला लागलं, दोन भाग मिसळले की घट्ट होणारं, आणि मग विमानाच्या पंखातल्या इंधनाच्या टाकीचे सांधे त्याने सील व्हायला लागले. हा उपयोग आजही चालू आहे, शिवाय काँक्रीटच्या सांध्यांमध्ये आणि दुहेरी काचांच्या कडांना. रॉकेटच्या घन इंधनात बाइंडर (सगळं धरून ठेवणारा घटक) म्हणूनही ते गेलं, त्याच कंपनीचं नाव नंतर रॉकेटच्या धंद्यात मोठं झालं ते याच रस्त्याने.

निओप्रीनवर जरा जास्त थांबतो कारण दुकानदाराचा सगळा भर त्याच्यावर आहे.

नोट्र डेम विद्यापीठातले फादर ज्युलियस न्यूलँड, धर्मगुरू आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक, ॲसिटिलीनवर काम करत होते. क्युप्रस क्लोराइडच्या उत्प्रेरकाने ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडता येतात हे त्यांनी दाखवलं, ड्युपाँटच्या माणसांनी १९२५ मध्ये त्यांचं भाषण ऐकलं आणि काम पुढे नेलं. वॉलेस कॅरोदर्स, ज्याच्या गटाने नंतर नायलॉन दिलं, त्याच्याच गटात आर्नल्ड कॉलिन्सला एप्रिल १९३० मध्ये क्लोरोप्रीनचं रबर मिळालं. नोव्हेंबर १९३१ मध्ये 'ड्युप्रीन' नावाने ते जाहीर झालं, पुढे निओप्रीन म्हणायला लागले. भाव पौंडाला १ डॉलर ५ सेंट, म्हणजे तेव्हाच्या चिकाच्या रबराच्या पंधरा-वीसपट. एवढं महाग असूनही विकलं गेलं, कारण घेणाऱ्याला चिकाचं रबर फुकट दिलं असतं तरी त्याच्या कामाला चाललं नसतं. तेलाच्या विहिरीवर, पेट्रोल पंपावर, केबलच्या कारखान्यात, सगळीकडे हीच परिस्थिती.

गुण कुठून येतो ते समजून घ्या. चिकाचं रबर आणि खनिज तेल, दोघंही कार्बन-हायड्रोजनचेच, एकमेकांत सहज मुरतात. साबुदाणा पाण्यात फुगतो तसं रबर तेलात फुगतं, फुगलं की मऊ पडतं, ताकद जाते. निओप्रीनमध्ये दर चार कार्बनमागे एक क्लोरीनचा अणू आहे, वजनाने जवळजवळ ४० टक्के. त्या क्लोरीनमुळे रेणूत विद्युतभाराचा असमतोल येतो आणि तेलाला तो घरचा वाटत नाही, त्यामुळे फुगणं कमी होतं. कमी होतं, थांबत नाही, हे नीट वाचा, पुढे इंजिनाला तेच लागणार आहे. त्याच क्लोरीनमुळे शेजारचा दुहेरी बंध ओझोनला सहज सापडत नाही, म्हणून ऊन-वारा-ओझोन सहन होतो. आणि क्लोरीनमुळेच ज्योत काढली की बहुतेक वेळा ते विझतं. शिवाय चिकाच्या रबरासारखं तेही ताणलं की स्फटिक बनवतं, म्हणून कार्बन ब्लॅक (ताकदीसाठी भरायची बारीक काजळी) न भरताही चांगली ताकद देतं. त्या काळातल्या कृत्रिम रबरांत हे दुर्मिळ होतं.

शिजवायची पद्धत वेगळी. चिकाच्या रबराला गंधक लागतं, निओप्रीनला झिंक ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड. मॅग्नेशिया सुटणारं आम्ल शोषून घेतं आणि कंपाउंड वेळेआधी शिजण्यापासून वाचवतं. हे नुसतं पुस्तकी नाही बरं का, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये निओप्रीनचं कंपाउंड पडून राहिलं की मोल्डमध्ये जायच्या आधीच गुठळ्या धरतं आणि अख्खा लॉट वाया जातो, आणि मॅग्नेशिया उघड्या पिशवीत ठेवून हवा-ओल खाल्लेला असेल तर हे अजून लवकर होतं. चांगले लोक मॅग्नेशिया बंद पाकिटात आणि कंपाउंड एसीच्या खोलीत ठेवतात. उलट थंडीत कच्चं निओप्रीन पाटासारखं कडक होतं, नवखा माणूस म्हणतो माल खराब आला. तो खराब नसतो, स्फटिक झालेला असतो, गरम केला की परत मऊ. पण हाच गुण तयार पार्टमध्येही असतो, कमी तापमानात बराच काळ राहिलं की पार्ट कडक होतो, म्हणून बर्फाळ भागासाठी स्फटिक कमी बनवणारी वेगळी ग्रेड घ्यावी लागते. आपल्याकडे हा प्रश्न फक्त कोल्ड स्टोरेजमध्ये येतो.

उपयोग काय काय झाले: केबलचं बाहेरचं आवरण, होजचं बाहेरचं आवरण, व्ही-बेल्ट, गॅस्केट, खाणीतले पट्टे. खाणीच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. २६ सप्टेंबर १९५० ला इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या क्रेसवेल कोळसा खाणीत रबरी कन्व्हेयर पट्ट्याला आग लागली आणि ८० माणसं गेली. पट्टा स्वतःच जळत गेला आणि धूर हवेच्या वाटेने माणसांपर्यंत पोचला. त्यानंतर जमिनीखाली आग न पसरवणारे पट्टे, पीव्हीसीचे आणि निओप्रीनचे, वापरायचा आग्रह सुरू झाला. डेटाशीटवर "ज्वालारोधक" एवढा एकच शब्द असतो, त्याच्यामागे हे आहे.

आणि पूल. कुठल्याही फ्लायओव्हरखाली उभं राहून खांब आणि गर्डर यांच्या मधे बघा, काळे जाड चौकोनी तुकडे दिसतील, ते बेअरिंग. आत स्टीलच्या पातळ प्लेटा आणि मधे रबराचे थर. रबराचं आकारमान दाबून कमी होत नाही, ते फक्त बाजूने फुगतं, प्लेटा ते फुगणं अडवतात, म्हणून उभा भार प्रचंड पेलतो पण आडवं सरकायला मोकळं राहतं आणि उन्हाने गर्डर लांबला की खांबाला धक्का बसत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ८३ भाग २ ने वर्षानुवर्षं यासाठी क्लोरोप्रीनच मागितलं, कडकपणा ६० अधिक-उणे ५. तिथे तेलाचा संबंध नाही, पण पूल दशकानुदशकं उभा राहणार आणि बेअरिंग बदलायचं म्हणजे अख्खा स्पॅन जॅकवर उचलायचा, त्यामुळे ओझोनने न तडकणं हा गुण तिथे सोन्याचा. ब्रिटनमध्ये चिकाच्या रबराचे बेअरिंगही चांगले टिकलेत हेही खरं, जाड तुकड्यात ओझोनची चीर वरवरच राहते. तरी माझ्या मते आपल्या उन्हात आणि आपल्याकडच्या देखभालीच्या सवयी बघता क्लोरोप्रीनचा आग्रह बरोबरच होता.

आता ब्युना. जर्मनीत आय. जी. फार्बेनच्या वॉल्टर बॉक आणि एडुआर्ड चुंकूर यांनी १९२९ मध्ये ब्युटाडाईन आणि स्टायरीन साबणाच्या पाण्यात एकत्र पॉलिमराइझ केले (छोटे रेणू जोडून लांब साखळी केली), तो ब्युना-एस. त्याच सुमाराला ब्युटाडाईन आणि ॲक्रिलोनायट्राइल घेऊन ब्युना-एन, ज्याला आज आपण नायट्राइल म्हणतो. रशियात सर्गेई लेबेडेव्हने अल्कोहोलपासून ब्युटाडाईन काढून सोडियमने पॉलिमराइझ केलं आणि १९३२ मध्ये यारोस्लाव्हलला मोठा कारखाना चालू झाला. जर्मनीचा श्कोपाऊचा कारखाना त्यानंतरचा. याच आय. जी. फार्बेनने युद्धात ऑशवित्झजवळ मोनोविट्झला कैद्यांकडून ब्युनाचा कारखाना बांधून घेतला, हजारो माणसं त्यात मेली आणि तिथून रबर कधी निघालंच नाही. रबराच्या इतिहासात हे लिहिलं गेलं पाहिजे, बऱ्याच तांत्रिक पुस्तकांत ते नसतं.

अमेरिकेला ब्युना-एसची गरज पडली ती फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर. जवळजवळ ९० टक्के पुरवठा गेला. सरकारने वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल केली, पेट्रोलचं रेशनिंग केलं, आणि ते पेट्रोल वाचवण्यापेक्षा टायर वाचवण्यासाठी होतं. मग सगळ्या कंपन्यांनी आपापली गुपितं टेबलावर ठेवून एकच कृती ठरवली, तिचं नाव जीआर-एस, साधारण ७५ भाग ब्युटाडाईन आणि २५ भाग स्टायरीन, ५० अंश सेल्सिअसला. १९४१ मध्ये असं रबर २३१ टन झालं होतं, १९४५ मध्ये महिन्याला ७०,००० टन निघत होतं. एवढ्या थोड्या काळात एवढी उडी रासायनिक उद्योगात फार क्वचित बघायला मिळते.

पण गुणधर्माने? खरं सांगायचं तर साध्या रूपात कमकुवत. काही न भरता शिजवलं तर ताकद २ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे चिकाच्या रबराच्या दहावा हिस्सा, कारण साखळीत स्टायरीन कुठेही बसलेलं, रचना वेडीवाकडी, ताणलं तरी स्फटिक बनत नाही. कार्बन ब्लॅक भरलं की तेच रबर २० मेगापास्कलपर्यंत जातं. म्हणजे टायर काळा असतो तो रंगासाठी नाही, ब्लॅक काढलं तर टायरच उरत नाही. दुसरा दोष, चिकटपणा नाही. टायर बांधताना थरावर थर आपोआप धरायला पाहिजे, जीआर-एस धरत नाही, वरून सिमेंट लावावं लागतं. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा दोष, आतून तापणं. प्रत्येक फेऱ्याला टायर चपटा होतो आणि सुटतो, त्यातली जी ऊर्जा परत येत नाही तिची उष्णता होते, आणि रबर उष्णतेचं वाहन नीट करत नाही म्हणून जाड टायरच्या पोटात ती साठते. मोटारीच्या पातळ टायरला हे चालून गेलं, ट्रकच्या ओव्हरलोड टायरला नाही, ते फुटायचे. म्हणून युद्धातसुद्धा ट्रक आणि विमानाच्या टायरसाठी चिकाचं रबर राखून ठेवलेलं होतं, आणि आजही त्या टायरांत चिकाच्या रबराचंच प्रमाण मोठं असतं.

एक गुण मात्र होता, जुनं झाल्यावर ते चिकाच्या रबरासारखं मऊ चिकट होत नाही, कडक होत जातं, आणि झिजायला चांगलं. १९४८ च्या सुमाराला ५ अंशाला पॉलिमराइझ करायची 'कोल्ड रबर'ची पद्धत आली आणि झीज आणखी सुधारली, तेव्हापासून मोटारीच्या टायरच्या ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या थरात) एसबीआर, म्हणजे हेच स्टायरीन-ब्युटाडाईन रबर, स्वतःच्या गुणावर उभं राहिलं. जर्मनांचा माल आणि अमेरिकनांचा माल यातला फरक पण कामाचा आहे. जर्मन ब्युना-एस इतकं चिवट यायचं की मिलवर घ्यायच्या आधी गरम हवेत ठेवून मऊ करावं लागायचं. अमेरिकनांनी कृतीतच मरकॅप्टन (एक गंधकयुक्त रसायन) घालून साखळीची लांबी आवरली, त्यामुळे माल नेहमीच्या मशिनवर चालला. ज्याने कधी कडक कच्चं रबर टू-रोल मिलवर घेतलंय त्याला हा फरक किती मोठा ते कळेल.

आपल्याकडचा धागा पण याच काळातून येतो. ब्युटाडाईन पेट्रोलियममधून काढायचं का अल्कोहोलमधून यावर अमेरिकेत भांडण झालं, युद्धात सुरुवातीला बरंचसं धान्याच्या अल्कोहोलमधूनच आलं. भारतात १९६३ मध्ये बरेलीला सिंथेटिक्स अँड केमिकल्सचा एसबीआरचा कारखाना सुरू झाला तो अल्कोहोलवरच, म्हणजे उसाच्या मळीवर. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हे कळायला हवं की मळीपासून टायरचं रबर होतं आणि आपल्या देशात ते झालेलं आहे.

ब्युना-एन म्हणजे नायट्राइलवर फार लिहित नाही, कारण ते रोजच्या वापरात आहे. त्यात नायट्राइलचं प्रमाण साधारण १८ ते ५० टक्के ठेवता येतं. जितकं जास्त तितकं तेलात फुगणं कमी, पण थंडीत तितकं लवकर कडक. दोन्ही एकदम मिळत नाही. तेलाच्या बाबतीत ते निओप्रीनच्या बरंच पुढे आहे, गरम तेलात निओप्रीन निम्म्याहून जास्त फुगेल तिथे मध्यम प्रतीचं नायट्राइल थोडंसंच फुगतं. उलट ओझोनमध्ये ते कच्चं. त्यामुळे ऑइल सील, ओ-रिंग, डायफ्राम, इंधनाच्या पाइपचं आतलं अस्तर हे नायट्राइलचं आणि पाइपचं बाहेरचं आवरण निओप्रीनचं, अशी जोडी जमली. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टनसेनचं ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट १९३९ चं, विमानांच्या हायड्रॉलिकमध्ये ती युद्धात पसरली, आणि तेलात न फुगणारं रबर हाताशी नसतं तर ती चाललीच नसती.

फुगण्यावरून एक फार सुंदर डिझाइन आठवतं. युद्धातल्या विमानांची गोळी लागली तरी न गळणारी इंधनाची टाकी. आतला थर तेल न पिणाऱ्या कृत्रिम रबराचा, मधला थर मुद्दाम चिकाच्या मऊ रबराचा. गोळीने भोक पडलं की पेट्रोल मधल्या थराला लागतं, तो भसाभस फुगतो आणि भोक बुजतं. ज्या दोषामुळे चिकाचं रबर इंधनाजवळ नको म्हणायचं त्याच दोषावर पायलटचा जीव वाचायचा. मटेरिअल समजून वापरणं म्हणजे काय ते इथे दिसतं.

ब्युटाइल राहिलं. स्टँडर्ड ऑइलच्या रॉबर्ट थॉमस आणि विल्यम स्पार्क्स यांनी १९३७ मध्ये शोधलं, आयसोब्युटिलीनमध्ये दोन-तीन टक्केच आयसोप्रीन, आणि उणे १०० अंशाच्या आसपास क्षणात होणारी प्रक्रिया. हवा आरपार जायचं प्रमाण चिकाच्या रबराच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणून ट्यूब ब्युटाइलची झाली आणि दर आठवड्याला हवा भरायचं काम कमी झालं. दुहेरी बंध नावापुरतेच, त्यामुळे ओझोन आणि वाफ दोन्ही सोसतं, टायर शिजवताना आतून दाब देणारे ब्लॅडर (रबरी फुगे) त्याचेच. चेंडू केला तर उसळत नाही, म्हणजे धक्का शोषतं, तेही एक कामच आहे. पण खनिज तेलात ते चिकाच्या रबराइतकंच निकामी. आणि मिल नीट साफ न करता त्याच्यावर ब्युटाइल घेतलं, आधीच्या चिकाच्या रबराचा थोडा जरी अंश राहिला, तर तोच गंधक आणि ॲक्सिलरेटर (शिजणं वेगात करणारं रसायन) खाऊन टाकतो आणि ब्युटाइल कच्चं राहतं. म्हणून मोठे कारखाने ब्युटाइलचं मशिन वेगळंच ठेवतात.

आता तुमचं इंजिन. डिझेलचा पाइप आणि डिझेलला किंवा गरम ऑइलला लागणारे सगळे वॉशर, ओ-रिंगा, ऑइल सील नायट्राइलचे घ्या. निओप्रीन इथे नको, ते लगेच जाणार नाही पण हळूहळू फुगून खाचेतून बाहेर येईल आणि शाफ्टवर घासेल. थंड पाण्याच्या होजला निओप्रीन चालेल, पण १९६० च्या दशकात आलेलं ईपीडीएम हे कृत्रिम रबर गरम पाण्याला त्याच्यापेक्षा चांगलं, फक्त त्याला ऑइलचा हात लागू देऊ नका. व्ही-बेल्ट निओप्रीनचाच उत्तम. इंजिन खाली ज्या रबरी पॅडवर बसतं ते चिकाच्या रबराचं करा, कंप शोषायला आणि वर्षानुवर्षं न बसायला त्याच्यासारखं दुसरं नाही, फक्त त्याच्यावर ऑइल गळणार असेल तर मात्र निओप्रीन. पेट्रोल-डिझेलमध्ये रबरी पार्ट धुवायची सवय असेल तर ती सोडा. ट्रॅक्टरच्या ब्रेकचे वॉशर सगळीकडे असेच मरतात, ते ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी एसबीआर किंवा ईपीडीएमचे केलेले असतात आणि डिझेलमध्ये बुडवले की फुगून सिलिंडरमध्ये अडकतात.

दुकानदार देतोय ते खरंच निओप्रीन आहे का हे बघायचं असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीचा हिरवा रंग पूर्ण गेला की तार रबराला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे. पीव्हीसीलाही हिरवीच येते, पण पीव्हीसी गरम केलं की वितळतं, शिजवलेलं निओप्रीन वितळत नाही, काळा कोळसा होतो. उघड्यावर करा, धूर आम्लाचा असतो, घशाला लागतो. नायट्राइल ओळखायला सोपा उपाय म्हणजे एक तुकडा डिझेलमध्ये दोन-तीन दिवस बुडवून जाडी आधी आणि नंतर व्हर्नियरने मोजायची, शेजारी तेवढाच चिकाच्या रबराचा तुकडा ठेवा म्हणजे फरक डोळ्यांनीच दिसेल. जुने पार्ट काढताना फेकू नका. ताणाच्या दिशेला आडव्या सरळ चिरा असतील तर ओझोन, फुगून मऊ झाला असेल तर चुकीचं तेल, कडक होऊन चपटा बसला असेल तर उष्णता. प्रत्येक पार्ट कशाने मेला ते पिशवीवर लिहून घेऊन जा, मोल्डिंगवाल्याला तेवढी माहिती मिळाली तर तो तुम्हाला कंपाउंड बरोबर देईल.